समुद्र नसलेलं आरमार

२३ मार्चला आपण भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या फोटोंना हार घालतो. त्याच दिवशी बोलिव्हियात शाळेची पोरं मिरवणुकीत चालतात. 'दिआ देल मार', म्हणजे समुद्राचा दिवस. नकाशा काढून बघा, या देशाला चारी बाजूंनी जमीनच आहे.

१८७९ साली याच तारखेला कलामा गावाजवळ, लोआ नदीवर, एदुआर्दो आबारोआ नावाचा एक साधा नागरिक चिलीच्या सैन्याला अडवताना पडला. शरण ये म्हटल्यावर 'तुझ्या आजीला सांग शरण यायला' असं म्हणून त्यानं वर एक शिवी हासडली म्हणतात. ते वाक्य तिथं शेंबड्या पोरालाही पाठ. त्या युद्धात आंतोफागास्ता बंदरासकट सुमारे ४०० किलोमीटरचा किनारा गेला. आरमार मात्र आजही आहे, ३,८०० मीटर उंचीवरच्या तितिकाका सरोवरात. लोक त्याची चेष्टा करतात, मला नाही करवत.

तरीही एक गोष्ट खटकते. हा राग फार निवडून ठेवलेला आहे.

भांडण पेटलं सोऱ्यावरून, म्हणजे खताला आणि दारूगोळ्याला लागणाऱ्या क्षारावरून. चिली कंपन्यांवरचा कर २५ वर्षं वाढवणार नाही, असं १८७४ च्या तहात बोलिव्हियानंच कबूल केलं होतं. चार वर्षांत क्विंटलमागे १० सेंटाव्होचा कर बसवला. कंपनीनं भरला नाही, तर तिची मालमत्ता लिलावात काढली. लिलावाच्या दिवशीच चिलीची फौज बंदरात उतरली. चिलीला निमित्त हवंच होतं हे खरं, पण ते ताटात वाढून कुणी दिलं?

आणि गमावलेलं एवढंच नाही. १९०३ मध्ये रबराच्या जंगलांचा आक्रे प्रांत ब्राझीलकडे गेला, २० लाख पौंड घेऊन. १९३२ ते ३५ च्या युद्धात चाकोचा बहुतेक भाग पाराग्वेनं घेतला. दोन्ही प्रदेश त्या किनारपट्टीपेक्षा मोठे. चाकोत मेलेल्यांची आठवण काढतात, पण ती जमीन परत द्या म्हणून मिरवणूक निघत नाही. समुद्राचं तसं नाही. समुद्र डोळ्यांसमोर आणता येतो, आणि गरिबीचं खापर फोडायला प्रत्येक सरकारला बरा पडतो.

कधीकधी तो सरकारवरच उलटतो. २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून निर्यात करायचं घाटत होतं. लोक रस्त्यावर उतरले. वायू कवडीमोल जाणार हा संताप होताच, त्यात 'चिलीतून?' या एका शब्दानं तेल ओतलं. साठाहून जास्त माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा देश सोडून गेले.

पुढं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०१८ ला १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला : समुद्राच्या वाटेसाठी वाटाघाटी करायला चिली बांधील नाही. किनारा चिलीला कायमचा देणाऱ्या १९०४ च्या तहावर बोलिव्हियाची सही आहेच. त्या बदल्यात आरिका ते ला पाझ रेल्वेही चिलीनं बांधून दिली होती.

अरे हो, एक किनारा त्यांना मिळालाही. १९९२ साली पेरूनं ईलो बंदराजवळची ५ किलोमीटर वाळू ९९ वर्षांसाठी वापरायला दिली. नाव ठेवलं 'बोलिव्हियामार'. तिथं आजवर ना बंदर उभं राहिलं, ना धड गाव.