मायामी संत्र्याच्या फुलांनी उभं राहिलेलं नाही

परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामीला म्हणे आधी नुसती दलदल, माणूस औषधालाही नाही, मग 1895 च्या कडाक्याच्या थंडीत ज्युलिया टटल नावाच्या बाईने रेल्वेवाल्या हेन्री फ्लॅगलरला, इथली झाडं थंडीतूनही वाचलीत हे दाखवायला, संत्र्याची फुलं पाठवली, तो भाळला आणि त्याने एकट्याने शहर वसवलं. वाचायला गोड आहे पण बरंचसं चूक आहे.

आधी ते "माणूस नाही". याचा मला खरंच राग येतो. मायामी नदीच्या मुखाशी टेकेस्टा या मूळनिवासी लोकांचं गाव होतं, 1998 ला तिथे टॉवर बांधायच्या आधी खोदलं तर खडकात कोरलेल्या खड्ड्यांचं 38 फुटी वर्तुळ निघालं, साधारण 2000 वर्षांपूर्वीचं! मायामी ज्यात येतं ती डेड (Dade) काउंटी, म्हणजे जिल्हा, बनली 1836 ला, म्हणजे रेल्वेच्या 60 वर्षं आधी, आणि त्या काळात नदीकाठी गुलामांच्या जिवावर चालणारा मळाही होता. 1871 पासून ब्रिकेल कुटुंबाचं दुकान होतं, सेमिनोल हे मूळनिवासी लोक होडीतून मगरीची कातडी घेऊन यायचे आणि बदल्यात सामान न्यायचे. बाकीचे रहिवासी कूंटी नावाच्या झाडाचं कंद खणायचे, ते विषारी असतं म्हणून किसून, पुन्हापुन्हा धुवून त्याचं पीठ करायचं आणि विकायचं, त्यावर कित्येक घरं चालली. 1890 ला अख्ख्या काउंटीत हजार माणसंसुद्धा नव्हती हे मान्य, आणि तेव्हा आजचं पाम बीच न् ब्रॉवर्डही त्यातच होतं, पण विरळ वस्ती म्हणजे रिकामी जमीन नव्हे ना.

दलदल म्हणाल तर ती मागे, एव्हरग्लेड्सची. शहर सुरू झालं ते किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या उंचवट्यावर, तिथे पाइनचं जंगल होतं.

आता फुलं. फ्लॅगलरचा माणूस जेम्स इंग्रॅहम याने नंतर सांगितलं की फुलं तो स्वतः घेऊन गेला होता. आणि फुलं कोणीही नेली असोत, सौदा जमिनीचा होता, टटलबाई रेल्वे इथे आणा म्हणून कितीतरी आधीपासून मागे लागल्या होत्या आणि शेवटी आपल्या 640 एकरांतला मोठा हिस्सा त्यांनी दिला, ब्रिकेलनीही दिली. 1898 ला टटलबाई वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, हे पोस्टमध्ये कुठेय?

आणि "एकट्याने"? एप्रिल 1896 ला गाडी आली, पण झाडी तोडून फ्लॅगलरच्या हॉटेलसाठी जागा कोणी साफ केली? बहुतेक कृष्णवर्णीय मजुरांनी. शेजारच्या कोकोनट ग्रोव्ह वस्तीत तर बहामाहून आलेली माणसं 1880 च्या दशकापासूनच राबत होती, तसल्या खडकाळ जमिनीत पीक कसं काढायचं हे त्यांना घरूनच माहीत होतं. 28 जुलै 1896 ला शहर स्थापन करायला मतदान झालं, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त मतदार कृष्णवर्णीय होते. मतं मोजून झाली, शहर झालं, आणि जमिनीच्या कागदांत अटी घालून याच लोकांना रेल्वेरुळांपलीकडच्या 'कलर्ड टाउन'मध्ये ढकललं.