मांजरा कोरडी पडली तेव्हा ही गोगलगाय कुठं होती?

परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं टाकलं की ह्या शंखी गोगलगाई औषधवाल्या कंपन्यांनीच आणून सोडल्यात, खाली पंधरा जणांचे अंगठे. मी तिथं काही बोललो नाही, ग्रुपवर भांडून कुणाचं भलं झालंय, पण डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, जमलं तर वाचा.

आमचं रान लातूर जिल्ह्यात, चार एकर, सगळं सोयाबीन. जुलै २०२२ ला अण्णांचा फोन आला, "अरे, काल उगवलेलं आज दिसंना झालंय." मला वाटलं बियाणं बोगस निघालं असंल. शनिवारी गावाकडं गेलो अन् रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर उभा राहिलो तर पेरलेल्या ओळीच्या ओळी चकाकालेत, सगळा चिकट चिकट माग, आन् जिथं तिथं दोन पानावर आलेल्या रोपाला एक शंख लटकलेला. मला तर खाण्याचा कुरकुर आवाज पण आला, आई म्हणाली भास हाय तुझा. असंल. "गोगलगाय अन् पोटात पाय" म्हणीतली ती गरीब बिचारी वेगळी, ही मुठीएवढी होणारी वेगळी.

तालुक्याच्या एका दुकानदारानं अळीचं औषध गळ्यात मारलं, दोन हजार गेले. गोगलगाय काही कीटक नाही, अळीच्या फवाऱ्यानं तिला काय होणार, पण हे आम्हाला कळलं नंतर. मग विद्यापीठाच्या सल्ल्यात होतं ते केलं, गुळाच्या पाण्यात बारदाना भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडंनं टाकायचा अन् पहाटे उचलायचा. पोतं उलटलं की खाली नुसता खच! हातात कॅरीबॅगा घालून (उघड्या हातानं धरू नका, हिच्यात मेंदूपर्यंत जाणारे जंत असू शकतात) बादली भरायची अन् मीठ-चुन्याच्या पाण्यात ओतायची. बादलीत पडताना खडे पडल्यासारखा आवाज येतो. पहिल्या दिवशी अकरा बादल्या झाल्या. अण्णा म्हणाले, "एवढे शेंगाचे पोते झाले असते तर." तरी दुबार पेरणी चुकली नाहीच. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबाद तिन्हीकडं हेच झालं अन् सरकारला शेवटी मदत जाहीर करावी लागली.

आता मुद्दा. ही बया मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ ला बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्याच्या नादी इंग्रजानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, बागेत सोडली. म्हणजे देशात येऊन पावणेदोनशे वर्षं झाली की! मग आमच्या रानात एवढ्या उशिरा का? कंपनीवाल्या थेरीत ह्याला उत्तर नाही, माझ्या मते उत्तर पावसात हाय.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे ह्या असल्या जिवांना फाशीच होती. तशी ही मरायला अवघड, शंखाच्या तोंडाला पांढरा पडदा लावून मातीत कित्येक महिने झोपून राहते, पण तिची अंडी अन् बारकी पिल्लं सुक्या तापलेल्या मातीत टिकत नाहीत. २०१६ आठवा, मांजरा धरण कोरडं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा गोगलगाय कुणी बघितली? अन् मग सप्टेंबर २०२१, गुलाब वादळाचा राहिलेला पाऊस आपल्यावर आला, त्याच मांजराचे दरवाजे उघडले, सोयाबीन पाण्यात. पुढच्या जुलैत गोगलगाई. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण आता परतीचा पाऊस हटत नाही, मार्च-एप्रिलला अवकाळी, मधी ऊस अन् ठिबकची कायमची ओल, म्हणजे माती वाळायला सवडच नाही. अन् ही एका टायमाला शेकड्यानं अंडी घालते, नर-मादी वेगळे नाहीत, भेटतील ते दोघंही अंडी घालणार. दोन ओले सीझन मिळाले की बास.

मक्यावरच्या लष्करी अळीचं बी तेच. अमेरिकेतली, २०१६ ला आफ्रिकेत, मे २०१८ ला कर्नाटकात सापडली अन् वर्षभरात आपला मका पोंग्यातून कुरतडला. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, त्याला कुठला आलाय टोलनाका. पण खरी गोष्ट अशी की तिला कडाक्याची थंडी सोसत नाही, तिकडं अमेरिकेतसुद्धा हिवाळ्यात टेक्सास-फ्लोरिडाच्या दक्षिण टोकालाच जगते. जग जसं तापंल तशी तिची हद्द वाढणार, अन् आपल्याकडं तर तिला बारा महिने मोकळं रान. उष्णतेत पिढी पण लवकर उरकते, महिन्याभरात नवी फौज.

गाजर गवताचं काय सांगायचं, १९५५ ला पुण्यात दिसलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, आता जनावर तोंड लावत नाही आन् माणसाला खाज सुटते. दुष्काळात रान पडीक पडलं की पहिलं तेच येतं. म्हणजे दुष्काळ पडला तरी ह्यांचंच अन् पाऊस जास्त झाला तरी ह्यांचंच, मधी मरतो तो कास्तकार.

आता एक कडू बोलतो, शिव्या द्या. परदेशी म्हणून बोंबलायचं तर सोयाबीन कुठलं आपलं? चीनकडचं पीक. मिरची, भुईमूग, टमाटं पण बाहेरचंच. परदेशी असणं हा गुन्हा नाही. पण आधी रानात हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, तूर, तीळ असं मिसळून असायचं, आता धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत एकच कोवळं पान. गोगलगाईला आपणच पंगत वाढली. मी पण त्यातलाच, भाव बघून पेरतो, अण्णांना ज्वारी पेरू दिली नाही.

अन् आलीच कशी हे मला आता कळलंय असं वाटतंय. ह्या जूनमधी मी बाहेरच्या एका नर्सरीतून केशर आंब्याची चार रोपं आणली. अण्णांनी लावायच्या आधी पिशव्या फरशीवर उलट्या करून माती फोडली. तिसऱ्या पिशवीत भिजल्या साबुदाण्याएवढी पिवळट अंडी, गुच्छ करून. अण्णा काहीच बोलले नाहीत, चुन्याचं डबडं आणलं, अंडी त्यात टाकली अन् मला म्हणाले, "मागच्या खेपेची रोपं कुठून आणली होतीस?"

२०२१ च्या दिवाळीत. त्याच नर्सरीतून.