टाकीतला मुकादम

खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवणारा माणूस मुळातच काळजीने वाळलेला असतो. पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ च्या आसपास हवी, तापमान २५-२६ अंश हवं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालत बसायचं. अशा माणसाला कुणी ट्रिगरफिश देऊ नये. माझ्या मित्राने दिला. त्याला आपली टाकी मोडायची होती. "अरे, स्वभावाने अगदी गरीब आहे रे तो," असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. तिचा खुलासा पुढे झाला.

मासा पिकासो जातीचा. दिसायला देखणा, यात वाद नाही. तोंड चिमुकलं आणि डोळे पार मागे, जवळजवळ पाठीला टेकलेले. सी अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी खाताना त्याचे काटे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून ही सोय. शिवाय दोन्ही डोळे आपापल्या मर्जीने फिरतात. एकाने तो माझ्यावर नजर ठेवायचा आणि दुसऱ्याने कोळंबीवर. त्याच्या एका चुलतभावाला हवाई राज्याने राज्यमाशाचा मान दिला आहे. घराणं शेफारायला एवढं पुरे.

आल्या आल्या त्याने सफाई खातं बंद केलं. गोगलगायी, शंखातले खेकडे, इतर माशांच्या अंगावरची घाण टिपणारी ती लाल-पांढरी कोळंबी, सगळे सेवामुक्त. जबड्यात पुढे ८-८ दात असतात, तेही कवच फोडायच्या लायकीचे. अर्चिनचं प्रकरण मात्र मी काचेला नाक लावून पाहिलं. काट्यांना त्याने तोंडसुद्धा लावलं नाही. खाली झुकला, गाल फुगवले आणि पाण्याची अशी पिचकारी मारली की अर्चिनची एक कड उचलली गेली. मग दुसरी, मग तिसरी. अर्चिन उताणा पडल्यावर खालच्या मऊ बाजूने सावकाश जेवण. उडालेली वाळू प्रवाळांवर जाऊन बसली. ती झटकायला मी तासभर ड्रॉपर घेऊन उभा.

नंतर बांधकाम. मी महिनोनमहिने विचार करून रचलेले दगड त्याला पसंत नव्हते. छोटे दगड तोंडाने उचलून तो दुसरीकडे नेऊन टाकायचा आणि नेमका प्रवाळाच्या अंगावर. थर्मामीटरची रबरी चकती काचेवरून उपटणं हा सकाळचा व्यायाम. हीटरची वायर चावायला लागला तेव्हा मी ओरडलो, तर तो घुर्रर्र करून उलट बोलला. ट्रिगरफिश खरंच आवाज काढतात. दटावणीचा सूर इतका स्पष्ट की मीच हात मागे घेतला.

(यात समाधान मानायचं तर टायटन ट्रिगर आठवावा. पाऊण मीटर लांब होतो आणि घरट्यावर असला की समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांना चावून हाकलतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने शंकूसारखी रुंदावत जाते. म्हणजे घाबरून वर पळणारा हद्दीतच राहतो, पळायचं ते आडवं. तो माझ्या मित्राकडे नव्हता, हे नशीब.)

जाणकार सांगतात, प्रवाळांबरोबर ठेवायचाच तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खाणारा निळ्या गळ्याचा ट्रिगर ठेवा, पिकासो काढून टाका. काढून टाका! हे सांगणाऱ्यांनी तो कधी काढलेला नसतो. जाळी दिसताच तो दगडांच्या फटीत शिरतो आणि पाठीवरचा काटा उभा करतो. त्यामागचा छोटा काटा त्याला खिट्टी लावतो. आता पहिला काटा वरून दाबून खाली बसत नाही, मासा फटीतून हलत नाही. रात्री झोपेत धरू म्हणावं, तर झोपतोही तसाच अडकून. चुकून जाळीत आलाच, तर तोच काटा जाळीत असा गुंततो की जाळी कापावी लागते. म्हणून मी प्लास्टिकचा सापळा आणला, आत खाऊ ठेवला. पहिल्या फेरीत क्लाउनफिश अडकली. दुसऱ्या फेरीतही तीच, तिला ती जागा आवडली असावी. मुकादम सापळ्याच्या फटीपाशी आला, बाहेरूनच पिचकारी मारली, पलीकडच्या फटीतून बाहेर आलेला खाऊ वळसा घालून खाल्ला आणि घुर्रर्र केलं.

सगळे दगड उपसले असते तर सापडला असता, पण दगडांवर प्रवाळ चिकटवलेले. तेव्हा हिशेब उलटा मांडला. मासा निघत नाही, प्रवाळ निघतात. उचलले की येतात, चावत नाहीत, खिट्टी लावत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी टाकी मांडली. वेगळा स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), वेगळे दिवे, वेगळा हीटर, रोजचं गोडं पाणी आता दोन ठिकाणी. क्लाउनफिशही तिकडेच, सापळ्यासकट. पहिल्या टाकीत मुकादम, उरलेले दगड आणि थर्मामीटर, तोही रोज नव्या पत्त्यावर.

दुसरी टाकी पहिलीच्या शेजारीच ठेवावी लागली, जागा तेवढीच होती. त्यामुळे सध्या त्याचा एक डोळा माझ्यावर असतो आणि दुसरा तिकडच्या नव्या कोळंबीवर.