फ्रेडी मर्क्युरी पाचगणीचा विद्यार्थी होता. बाकीचं तपासून घ्या

फ्रेडी मर्क्युरीच्या जयंतीला, पुण्यतिथीला आणि एरवीही एक मजकूर मराठी गटांमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: क्वीन या बँडचा हा गायक मुंबईत जन्मला, पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकला, शाळेनं त्याला ख्रिस्ती करून नवं नाव दिलं, तिथेच तो बँड काढून गायला लागला, लताबाईंची गाणी ऐकून त्याचा गळा तयार झाला, शालेय शिक्षण तिथेच पूर्ण करून तो थेट लंडनला गेला आणि तिथे त्याने आपलं भारतीयपण लपवलं. यातलं पाचगणी खरं आहे, बँडही खरा आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

जन्म. फारूख बुल्सारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउनमध्ये जन्मला. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची सल्तनत होती आणि वडील बोमी तिथे सरकारी नोकरीत रोखपाल होते. आईवडील पारशी, मूळचे गुजरातचे. आडनावच बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. मुंबई त्याच्या आयुष्यात येते ती सुट्टीत राहायच्या नातेवाइकांच्या घरामुळे. झांझिबारहून मुंबईपर्यंत बोट आणि तिथून घाट चढून पाचगणी. एवढा प्रवास करून आलेलं आठ वर्षांचं पोर दर सुट्टीला घरी जाऊ शकत नसे. ‘मुंबईकर’ म्हणण्याच्या हौसेत नेमकी हीच गोष्ट पुसली जाते.

‘कॉन्व्हेंट’. आपल्याकडे कुठल्याही इंग्रजी मिशन शाळेला कॉन्व्हेंट म्हणायची सवय आहे, पण कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचा मठ. पाचगणीत तशी शाळा आहे, सेंट जोसेफ्स, आणि ती मुलींची. फारूख शिकला ते सेंट पीटर्स. १९०४ साली सुरू झालेली, मुलांची, निवासी, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली म्हणजे अँग्लिकन शाळा. नन्सनी त्याला शिकवलं खरं, पण पाचगणीला येण्याआधी, झांझिबारच्या मिशनरी शाळेत.

नाव आणि धर्म. ‘फ्रेडी’ हे नाव कुठल्या विधीत मिळालेलं नाही. शाळासोबती फारूखला फ्रेडी म्हणू लागले, तेच घरच्यांनीही उचललं. निवासी मिशन शाळेत पारशी, हिंदू, मुसलमान मुलं सकाळच्या प्रार्थनेला उभी राहत, चर्चच्या गाण्यात आवाजही मिसळत; त्यासाठी धर्म बदलावा लागत नसे. फ्रेडी जन्मभर पारशीच राहिला. ‘मर्क्युरी’ हे आडनाव त्याने १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्वतः घेतलं.

प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांच्या याद्या बिघडतात त्या इथेच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मर्क्युरी शोधलं तर काहीच सापडणार नाही, कारण नोंद प्रवेशाच्या वेळच्या नावाने असते. असा कुठलाही दावा तपासताना चार गोष्टी एका ओळीत जुळायला हव्यात: प्रवेशाच्या वेळचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत प्रवेश आणि कोणत्या इयत्तेतून दाखला काढला. यातली जन्मतारीख सगळ्यांत उपयोगी, कारण पारशी मुलांत फारूख हे नाव सर्रास सापडतं. शाळेच्या नावाचाही घोटाळा होतो. सेंट पीटर्स अनेक गावांत आहेत. बिशप कॉटन नावाची शाळा शिमल्यात आहे, बंगळुरात आहे आणि नागपुरातही आहे. एकीचा विद्यार्थी दुसरीच्या यादीत जाऊन बसायला एवढं पुरतं.

आता बँड. मजकुराचा हा भाग सगळ्यांत जास्त वाचला जातो, म्हणून जरा थांबून सांगायला हवं. बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’, मुलं पाच, साल १९५८ च्या आसपास, फ्रेडी बारा वर्षांचा. पुढे उभं राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फ्रेडी पियानोवर होता आणि मागून साथीला आवाज देत असे. ड्रम्स सांभाळणारे व्हिक्टरी राणा पुढे नेपाळी सैन्यात जनरल झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुखही. गिटारवर असलेले डेरिक ब्रांच अभिनेते झाले. ब्रिटिश टीव्हीवर त्यांनी चक्क ‘गुप्ते’ नावाच्या परिचारकाची भूमिका केली.

बास गिटार नव्हती. त्या जागी चहाच्या खोक्याचा बास होता. चहाची लाकडी पेटी उपडी ठेवायची, तळाला मधोमध भोक पाडून त्यातून जाड दोरी ओवायची, आत गाठ मारायची आणि दोरीचं दुसरं टोक एका उंच काठीला बांधायचं. काठीचा बुंधा पेटीच्या कडेवर टेकवून ती मागे ओढली की दोरी ताणते आणि स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. गिटारीसारख्या स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या नसल्याने स्वर अंदाजानेच धरावा लागतो, त्यामुळे या वाद्यातून ठेका भक्कम मिळतो, सूर मात्र हलता राहतो. अशा संचात सुराचा आधार एकच, पियानो. त्याच्या दोनशेहून जास्त तारा मुलं जुळवू शकत नाहीत. गिटारींनाच पियानोकडे यावं लागतं. शिवाय पाचगणीच्या पावसाळी दमट हवेत पियानोचा लाकडी ध्वनिफलक फुगतो आणि मधल्या सप्तकांचा सूर वर सरकतो, म्हणजे गिटारी पुन्हा पुन्हा लावणं आलं. हेक्टिक्स वाजवत ती लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी, आणि लिटल रिचर्डच्या गाण्यात तर डावा हात ठेका धरतो आणि उजवा वरच्या पट्टीत ठोकत राहतो. बारा वर्षांचा फ्रेडी त्या बँडचा कणा होता. ‘तिथे गायला लागला’ असं लिहून मजकूर त्याचं हे खरं काम झाकून टाकतो.

पियानोची तालीम मात्र रीतसर होती. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहून थोडी जास्त फी भरून संगीत शिकवायला सुचवलं, आणि फ्रेडी वाजवणं व संगीतशास्त्र या दोन्हींत चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला. या ब्रिटिश परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, म्हणजे तो अर्ध्या वाटेवर होता. काही जण त्याला ‘शास्त्रशुद्ध शिकलेला पियानोवादक’ म्हणतात, तेही जास्तच. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर काढायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत. ही कानाची तयारी, ग्रेडची नव्हे.

लताबाईंबद्दलचं वाक्य मराठी माणसाला सुखावतं, म्हणून ते कोणी तपासत नाही. त्या काळात सुट्टीला मुंबईत येणाऱ्या मुलाच्या कानावर त्यांचा आवाज पडला असणारच. तो कुणाच्या पडला नाही? पण कानावर पडणं आणि गळा घडवणं यांत अंतर आहे. हेक्टिक्सची गाणी पाहा किंवा क्वीनची, गाण्याची घडण रॉक अँड रोलची आणि पुढे ऑपेरा आणि म्युझिक हॉल, म्हणजे जुन्या ब्रिटिश करमणुकीच्या रंगमंचाची आहे. मजकुरात फ्रेडीचं स्वतःचं एकही विधान दिलेलं नसतं.

‘शिक्षण पूर्ण करून थेट लंडनला’ हेही चूक. १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो पाचगणी सोडून झांझिबारला परतला. १० डिसेंबर १९६३ ला झांझिबार स्वतंत्र झालं आणि १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली. जीव वाचवून बुल्सारा कुटुंब इंग्लंडला आलं आणि लंडनजवळ फेल्टममध्ये राहू लागलं. क्वीन सुरू झालं १९७० मध्ये. पाचगणी आणि क्वीन यांच्यात सात वर्षं, एक क्रांती आणि ईलिंगच्या कला महाविद्यालयातला १९६९ चा डिप्लोमा आहे.

राहिलं लपवणं. नाव बदललं म्हणजे मूळ लपवलं, असा तर्क या मजकुरात आहे. मग क्लिफ रिचर्डचं काय? तो १९४० साली लखनौत जन्मला, नाव हॅरी वेब. एंगलबर्ट हंपरडिंक मद्रासला जन्मला, नाव आर्नल्ड डॉर्सी. त्या काळच्या ब्रिटिश गायकांत रंगमंचाचं नाव घेणं ही धंद्याची रीत होती. फ्रेडी भारताबद्दल, झांझिबारबद्दल फार बोलला नाही, हे खरं. तो खासगी गोष्टींबद्दल एकूणच कमी बोलत असे. आईवडिलांशी मात्र त्याचं नातं शेवटपर्यंत टिकलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनमधल्या केन्सिंग्टनच्या घरी त्याचं निधन झालं आणि २७ तारखेला वेस्ट लंडन स्मशानगृहात, आईवडिलांच्या देखत, पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून त्याचे अंत्यविधी केले.