मुक्या व्हिडिओतून खरा आवाज परत येत नाही

चादरीच्या मागाचा एक जुना, बिनआवाजाचा व्हिडिओ सध्या सोलापुरातल्या ग्रुपवर जोरात फिरायलाय. त्याला आवाज जोडलाय आणि खाली लिहिलंय की एआयने त्या काळचा खरा आवाज परत आणला, आता सीसीटीव्हीतलं बोलणंपण ऐकता येणार आणि सिनेमा-व्हिडिओला आवाज जोडणाऱ्या साउंडवाल्यांचं काम संपलं. तिन्ही गोष्टी चूक आहेत, पहिली तर सगळ्यात जास्त.

"खरा आवाज परत आणला." जे रेकॉर्डच झालं नाही ते परत कुठून येणार? गुगल डीपमाइंडने जून 2024 मध्ये दाखवलेलं, व्हिडिओ बघून आवाज बनवणारं तंत्र असो नाहीतर त्याच वर्षाच्या शेवटी आलेलं तसलंच एमएमऑडिओ, ही एआय मॉडेल्स आवाजासकटच्या ढीगभर क्लिप बघून शिकतात की असं दिसलं की साधारण असं वाजतं, मग नुसत्या खरखरीपासून सुरू करून एकेक पायरीने चित्राला जुळेल असा नवीन आवाज बनवतात. खात्री करायचीय तर तीच क्लिप सीड (ज्या आकड्यावरून ती सुरुवातीची खरखर ठरते तो) बदलून परत टाका, आवाज वेगळा येईल. खरा असता तर दरवेळी एकच आला असता ना?

आणि मागावर काम केलेल्या कुणालाही तो व्हिडिओ ऐकवा. धोटा (आडवा धागा नेणारा) या टोकाहून त्या टोकाला जाऊन आदळतो, फणी ठोकते, ते बऱ्यापैकी जुळवलंय, मान्य. पण मागावरचं जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, फ्रेममध्ये नाही म्हणून त्याची खडखड आवाजातपण नाही, आणि एकच माग दिसतोय म्हणून एकच माग वाजतोय! शेडमध्ये बाकीचे माग एकदम चालू असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं, ते कॅमेऱ्याला दिसतच नाही तर मॉडेलला कसं कळणार? मला राग याचाच येतो, कारण धोट्याचे माग अजून चालू आहेत तोवर त्यांचा आवाज फोनवरसुद्धा रेकॉर्ड करता येतो आणि "एआय आणतंय की" म्हणून तो कुणी करणारच नाही.

"सीसीटीव्हीतलं बोलणं ऐकू येईल." हे धोकादायक आहे. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी चिप्सच्या पाकिटाच्या बारीक थरथरीवरून बोलणं काढलं होतं हे खरं, पण ते मोजमाप होतं, सेकंदाला हजारो फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यावर (साध्या कॅमेऱ्यातून निघालं ते फारच अस्पष्ट). माणसाचा आवाज सेकंदाला साधारण शंभर किंवा त्याहून जास्त कंपनं करतो, दुकानातला कॅमेरा पंचवीस-तीसच फ्रेम घेतो, त्यात ती कंपनं सापडणार कशी? त्या फुटेजवर एआयने चढवलेलं वाक्य म्हणजे कुणाच्यातरी तोंडी घातलेलं वाक्य, त्यावरून उद्या गल्लीत भांडण लागलं तर? कोर्टात तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला प्रमाणपत्र आणि हॅश (फाइल बदलली की बदलणारी तिची आकडे-अक्षरांची खूण) लागतो, मागाहून बनवलेला आवाज त्या घटनेचं रेकॉर्ड कसा होईल?

साउंडवाल्यांचं म्हणाल तर पाऊस, पावलं, दार आपटणं यात एआय खरंच चांगलं झालंय आणि लहान कामं त्यांच्या हातची जातील, हे मी नाकारत नाही. पण कुठला आवाज ठेवायचा, कुठे शांतता हवी, हे अजून माणूसच ठरवतो.

व्हिडिओ डिलीट करा असं म्हणत नाही, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी फक्त खाली लिहा, आवाज एआयने बनवलेला आहे.