पहाऱ्याची वही

आज १७ सप्टेंबर, मराठवाडा निजामाच्या राजवटीतनं सुटला तो दिवस. मराठवाड्यातल्या मित्रांनी सकाळपासून झेंड्याचे फोटो टाकलेत. आम्ही सोलापूरवाले मात्र गप्प, जणू आमचा काही संबंधच नाही. अहो, फौजा इथनंच गेल्या की! १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींच्या रणगाड्यांनी सोलापूरहून हैदराबादचा रस्ता धरला. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, बोरी नदीवरचा पूल धड हाती लागला आणि पाच दिवसांत निजामानं हात टेकले. (याच सोलापूरनं १९३० साली मार्शल लॉ भोगलेला. इथले चौघे फासावर गेले. अठरा वर्षांनी त्याच रस्त्यावर आजीनं लष्कराच्या ट्रकमधल्या जवानांना भाकऱ्या दिल्या म्हणे. चार पुतळ्यापाशी गाडी अडकली की मला हे हटकून आठवतं.)

पण मला त्या पाच दिवसांच्या आधीच्या वर्षाबद्दल लिहायचंय.

आमचं गाव बार्शीकडं, ऐन हद्दीवर. मुंबई प्रांत इथं संपला आणि निजाम तिथं सुरू झाला असं सरळ काही नव्हतंच. एका ओढ्याच्या दोन काठांना दोन सरकारं. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प हद्दीलगत होते. तिथली पोरं पलीकडचे करोडगिरी (जकात) नाके जाळून यायची आणि त्याचा राग रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, गावांवर काढायचे. मग गावानं पहारा बसवला. माळवदावर दोघं, वेशीत चौघं. हत्यारं म्हणजे कुऱ्हाडी, भाले, गोफणी आणि पाटलाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक. हलगी वाजली की बाया-पोरं वाड्यात.

कुलकर्ण्यांनी त्या बंदुकीसाठी एक वही घातली होती. मी पाहिलीय ती. कोण घेऊन गेला, कधी परत आणली, किती बार उडाले. आजोबांचं नाव अकरा वेळा आहे. एका नोंदीत ‘बार १, कोल्हा’ असंही आहे! पुढं जवळच लष्कराची तुकडी येऊन राहिली, तेव्हा रात्रीच्या गस्तीत पुढं आजोबा आणि मागं जवान. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात कुठं पाय रुतेल आणि ओढा कुठनं उतरता येईल, हे नकाशात नसतं ओ. ते गुराख्यालाच ठाऊक.

म्हणून ‘गावकऱ्यांच्या हाती हत्यार देणं म्हणजे अडाणीपणा’ असं कुणी पुण्या-मुंबईत बसून म्हटलं की मला पटत नाही. जम्मूच्या डोंगरात १९९५ साली ग्रामसंरक्षण समित्या निघाल्या (२०२२ पासून त्यांना ग्रामसंरक्षण गट म्हणतात), हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली असायच्या. २०२३ च्या एक जानेवारीला राजौरीच्या धांगरी गावात हल्ला झाला, तेव्हा एका गावकऱ्यानं तसलीच रायफल काढून गोळ्या झाडल्या आणि हल्लेखोर पळाले. फौज पोचेपर्यंतचा वेळ गावालाच काढावा लागतो.

पण छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या नावाखाली काय झालं तेही बघा. आदिवासी पोरांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि आपल्याच शेजाऱ्यांवर सोडलं. शेवटी २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. दोन्हीकडं माणसं गावातलीच. हत्यार वापरणाऱ्याला जाब कोण विचारतं, मला वाटतं सगळा फरक तिथं पडतो. लष्करातल्या शिपायाच्या डोक्यावर सुभेदार असतो, कोर्ट मार्शल असतं. गावच्या पोराच्या डोक्यावर कोण? आमच्याकडं निदान एक वही होती.

होती, म्हणजे १३ सप्टेंबरपर्यंत. शेवटची नोंद त्या दिवसाची. बंदूक नेल्याची आहे, परत आणल्याची नाही. पुढची पानं कोरी.

त्यानंतर पलीकडच्या जिल्ह्यांत काय झालं, ते नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असा त्यांचा अंदाज. बहुतेक मुसलमान, आणि त्यातले कितीतरी रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले. सगळ्यात वाईट अवस्थेच्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचं उस्मानाबाद होतं. मारणाऱ्यांत गावकरी होते, काही ठिकाणी गणवेशातलेही होते, आणि काही अधिकाऱ्यांनी जीव वाचवले हेही त्यातच आहे. अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला.

कोल्ह्याची गोष्ट आजोबांनी आम्हाला शंभरदा सांगितली असेल, दरवेळी कोल्हा थोडा मोठा व्हायचा. ‘मग फौज पुढं गेल्यावर तुम्ही काय केलं, आबा?’ असं मी एकदाच विचारलं. ते उठले आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. वैरण आधीच टाकलेली होती.