आग्र्याच्या किल्ल्यातली ‘महाराजांची कोठडी’ आणि इतर फुकटचे सल्ले

आग्र्याला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी म्हणून लिहिलेला एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या मावशीने तो आपल्या सहलीच्या गटात पुढे पाठवला आणि त्यावर विसंबून त्या मंडळींनी शुक्रवारी ताजमहाल पाहण्याचा बेत पक्का केला, तेव्हा मात्र गप्प राहणे अशक्य झाले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: शिवाजी महाराजांना आग्र्याच्या किल्ल्यातील ज्या अंधारकोठडीत डांबले होते आणि जेथून ते मिठाईच्या पेटाऱ्यांतून निसटले ती पर्यटकांपासून लपवली जाते, मात्र स्थानिक वाटाड्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले की तो ती दाखवतो, ताजमहाल बांधणाऱ्या वीस हजार कारागिरांचे हात शाहजहानने तोडले, यमुनेपलीकडे काळ्या ताजमहालाचा पाया आहे, शुक्रवारी गर्दी कमी असते, पौर्णिमेच्या रात्री ताजमहाल सर्वांना विनामूल्य खुला असतो, आणि पाहण्यासाठी सूर्योदयाची वेळ सर्वोत्तम.

या सगळ्यांत कोठडीची गोष्ट सर्वांत संतापजनक आहे, कारण ती श्रद्धेच्या जोरावर खिशात हात घालते. महाराज आग्र्यात असताना काय घडत होते, याविषयी त्या काळातच लिहिलेला पुरावा उपलब्ध आहे. आंबेरच्या राज्याचा परकालदास नावाचा अधिकारी तेव्हा आग्र्यात होता. त्याने आंबेरचा दिवाण कल्याणदास याला राजस्थानीत लिहिलेली पत्रे जयपूरच्या दफ्तरात टिकली आणि इतिहासकार जदुनाथ सरकार व रघुबीर सिंह यांनी अशा पत्रांचे संपादन करून ती प्रसिद्ध केली. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात अपमान झाल्यानंतर महाराज कोठे होते, हे त्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळच त्यांचा मुक्काम होता, रामसिंगाने त्यांच्याबद्दल लेखी जामीन दिला होता, आणि पुढे कोतवाल फौलादखानाच्या माणसांनी त्या मुक्कामाला वेढा घातला. ती नजरकैद होती, जिवावर बेतणारी होती, पण किल्ल्याच्या तळघरातील कोठडी नव्हती.

पत्रे बाजूला ठेवली, तरी संदेशकर्त्याने स्वतःच्याच मजकुराचा मेळ घालायला हवा होता. एका ओळीत महाराज अंधारकोठडीत आहेत आणि त्याच्या पुढच्याच ओळीत मिठाईचे पेटारे बाहेर जात आहेत! पेटाऱ्यांच्या कथेच्या तपशिलांवर इतिहासकारांनी वाद घातलेला आहे, परंतु ती कथा सांगणाऱ्यालादेखील नोकरचाकर, येणीजाणी आणि भेटीगाठी असलेला मुक्काम गृहीत धरावाच लागतो. बरोबरच्या बहुतेक माणसांना परवानगी मिळवून परत पाठवणे आणि दानधर्म करणे हे कोठडीतून होत नसते.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. किल्ल्याचा या प्रसंगाशी संबंधच नाही, असे म्हणता येणार नाही. औरंगजेबाची आणि महाराजांची समोरासमोर भेट झाली ती याच किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये, आणि ती इमारत आजही पाहता येते. शिवाय किल्ल्यात खरोखरच एक राजकैदी होता: १६५८ पासून जानेवारी १६६६ मध्ये मृत्यू होईपर्यंत शाहजहान तेथे मुलाच्या कैदेत होता, आणि त्याच्याशी जोडला जाणारा मुसम्मन बुरूज वाटाडे दाखवतातच. अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने आग्र्यात अडकलेल्या या दोघांच्या हकिकती एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. त्यात किल्ल्याचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने तिकीट काढून जाणाऱ्याला दक्षिणेकडचा भागच दिसतो, आणि कुलूपबंद दरवाजांमागे काय आहे हे सांगायला वाटाडा मोकळा असतो. महाराजांच्या नजरकैदेची नेमकी जागा कोणती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मीना बाजार कोठीचे नाव घेतले जाते आणि तेथे स्मारक उभारण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये केली. ती जागाही किल्ल्याच्या आत नाही. ज्यांना अभिवादन करायचे आहे त्यांच्यासाठी किल्ल्यासमोरच महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि तेथे कोणालाही पाचशे रुपये द्यावे लागत नाहीत.

कारागिरांचे हात तोडल्याची कथा मुळातच टिकत नाही. वीस हजार हा आकडा फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने कामावरील माणसांबद्दल दिला होता. तो पुढे तोडलेल्या हातांना चिकटवण्यात आला. ताजमहालाचे काम चालू असतानाच, १६३९ मध्ये, शाहजहानने दिल्लीत नवी राजधानी आणि लाल किल्ला बांधायला घेतला, आणि ताजमहालाचा वास्तुकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी त्या कामावरही होता. ज्याला आणखी एक शहर उभारायचे आहे तो बादशहा आपल्या सर्वोत्तम पाथरवटांना थोटे कशाला करील? मराठी वाचकाला तर याचा पुरावा शोधायला आग्र्यालाही जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा याच अहमदचा मुलगा अताउल्ला याने रचला. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या शाबूत राहिल्याशिवाय हे घडत नाही.

काळ्या ताजमहालाचा उगमही ताव्हेर्नियेच्या लिखाणातच आहे. शाहजहान नदीपलीकडे स्वतःची कबर बांधू लागला होता, असे त्याने लिहिले. पण नदीपलीकडच्या मेहताब बागेतील उत्खननात मिळाला तो पाया नव्हे, तर ताजमहालाचे प्रतिबिंब पडेल असा अष्टकोनी हौद. बाग मात्र अवश्य पाहावी, कारण संध्याकाळी ताजमहाल तेथून फार सुरेख दिसतो.

उरलेल्या सूचनांसाठी जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही. शुक्रवारी ताजमहालासमोर गर्दी कमी असते, याचे कारण त्या दिवशी तो पर्यटकांसाठी बंद असतो. फक्त दुपारच्या नमाजासाठी येणाऱ्यांना आत सोडले जाते. रात्रीचे दर्शन पौर्णिमा, तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस एवढेच असते. त्यातही शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळलेला असतो. त्याचे तिकीट वेगळे असते, पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या अर्ध्या तासासाठी सोडतात आणि पाहणे लांबूनच असते. सूर्योदयाचा सल्ला मात्र अर्धा खरा आहे: सकाळी गर्दी खरोखर कमी असते, पण डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात पहाटे रांग लावणाऱ्याला समोरचा घुमटसुद्धा दिसेलच असे नाही. दिवसाच्या तिकिटाला तीन तासांची मुदत असते आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे असेल तर वेगळे दोनशे रुपये भरावे लागतात, हे उपयोगाचे तपशील संदेशात कोठेही नाहीत.

मावशीच्या गटाने आता शुक्रवार किल्ल्यासाठी आणि इत्माद-उद-दौलाच्या मकबऱ्यासाठी ठेवला आहे, ताजमहाल शनिवारी सकाळी. वाटाडा घ्यायचाच असेल तर पर्यटन खात्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहूनच घ्यावा, आणि त्याने कोठडीचा विषय काढला तर परकालदास कोण होता, हे त्याला विचारावे, असे मी तिला लिहून दिले आहे.